नहपानाचे नाणे ठेवायचे कुठे?

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. सुमारे १३,२५० नाणी, क्षहरात वंशातल्या क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या तब्बल ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला. नाणे जेमतेम दोन ग्रॅमचे, अंगठ्याच्या नखाएवढे. भिंगाखाली, तिरप्या उजेडात फिरवले की नहपानाच्या गालावर चढलेली सातवाहनांची कमानदार टेकडी उठून दिसते आणि कडेने जुनी ग्रीक अक्षरे डोकावतात. उलटून पाहावे, तर सातवाहनांच्या ‘उज्जैन’ चिन्हाखाली नहपानाचे बाण आणि वज्र दबलेले. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने, आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश संपवला, असे कोरवून घेतले आहे. त्या आईच्या शब्दांना साक्ष मिळते ती या चांदीची.

पण ही साक्ष एकट्या नाण्याची नव्हे. किती नाण्यांवर ठसा आणि किती बिनठशाची राहिली, हे रेव्हरंड स्कॉट यांनी निधी एकत्र तपासला म्हणून आपल्याला कळते. पुढे ही नाणी अनेक संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत पांगली. म्हणून कुठल्याही राष्ट्रीय नाणेसंग्रहाचे पहिले काम दालन सजवणे हे नाही, नोंद ठेवणे हे आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक नाण्याचे वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, सापडल्याचे ठिकाण आणि सोबत काय निघाले ते. चोरीविरुद्धही हीच खरी राखण. खऱ्याच्या जागी नक्कल ठेवली, तर कुलूप ते सांगणार नाही, वजन आणि छायाचित्र सांगेल. अशा नोंदीचे एक उदाहरण पाहा. भरतपूरजवळ बयाण्याला १९४६ मध्ये गुप्तांची सोन्याची नाणी निघाली. हाती आलेल्या १,८२१ नाण्यांची सूची अनंत सदाशिव अळतेकरांनी १९५४ मध्ये छापून दिली, म्हणून तो निधी आजही अभ्यासकाच्या टेबलावर अखंड आहे.

कायद्याची बाजू मात्र दुबळी आहे. १८७८चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यायला लावतो. पण सरकारने निधी ताब्यात घेतला, तर मोबदला धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, एवढाच. इतिहासाचे मोल त्यात कुठेच धरलेले नाही. शेतकऱ्याने मग सराफाकडे जाऊ नये, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? अभ्यासकांनी ठरवलेली किंमत त्याच्या हाती वेळेवर पडली पाहिजे.

साठवणीतही बारकावे आहेत. सातवाहनांची शिशाची नाणी सुबक लाकडी कपाटात ठेवली, की लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. दोन हजार वर्षे मातीत टिकलेला नाण्यावरचा हत्ती कपाटात विरघळतो! त्यांना निष्क्रिय प्लास्टिक आणि धातूची खणपेटी हवी, तांब्याच्या नाण्यांना कोरडी हवा हवी.

मांडणीबद्दल एवढेच म्हणेन: थोडी नाणी मांडा, पण दोन्ही बाजू दिसू द्या. एका दालनात एक लहान मुलगी काचेवर नाक टेकवून वडिलांना विचारत होती, ‘मागे काय आहे?’ उत्तर मखमलीखाली होते. उभ्या काचेत धरलेले नाणे, बाजूने येणारा उजेड, सरकते भिंग आणि शेजारी मोठे छायाचित्र एवढे पुरते.

पैशाचे काय? मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःचे नाणेसंग्रहालय उभारले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या पैशाच्या दालनालाही एका बँकेचा आधार मिळाला. पण देणगीदाराला आपले नाव दिसेल असे दालन हवे असते, नोंदणी करणाऱ्याचा पगार त्याला दिसत नाही. तो खर्च सरकारनेच कायमस्वरूपी उचलावा. आपल्या टांकसाळी स्मारक नाणी दर्शनी किमतीहून चढ्या भावाने संग्राहकांना विकतात. त्या नफ्यातला ठरावीक वाटा जुन्या नाण्यांच्या नोंदीसाठी बाजूला काढावा. ही नोंद करणारी माणसे घडवण्यासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

सुरुवात जोगलटेंभीपासून करावी. ज्या ज्या संग्रहालयाकडे त्या निधीतली नाणी आहेत, त्यांनी ती आपल्याकडेच ठेवावीत. फक्त वजन आणि दोन छायाचित्रे एका यादीत पाठवावीत.