माइनसचा एकच दरवाजा

वसई पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात आमच्या भाऊजींचा जुना टेम्पो ट्रॅव्हलर उभा होता. सीटा काढून त्यांनी आत दोन बर्थ, ओटा आणि छोटा फ्रीज बसवलाय, टपावर सोलर पॅनल. सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासूनचं हे खूळ. अडचण एकच होती: मध्यरात्री पंखे बंद पडायचे, आणि तोवर बॅटरी ठणठणीत दिसायची.

दिसायची, कारण भिंतीवर फक्त व्होल्टमीटर होता. शिशाच्या जुन्या बॅटरीला तो बऱ्यापैकी चालतो. ती भरलेली असली तर 12.7, अर्धी झाली की 12.2 च्या आसपास, तीही थोडा वेळ निवांत ठेवून बघितली तर. भाऊजींनी मात्र 100 अँपियर-तासांची लिथियम बॅटरी घेतलेली, लोह-फॉस्फेटची. ती 80 टक्के असली तरी 13.2-13.3 दाखवते, आणि 40 टक्क्यांनाही जवळपास तेच. मग अगदी शेवटी एकदम घसरते. म्हणजे व्होल्ट बघून काही कळत नाही. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याची वहीच ठेवावी लागते. सोसायटीचा सेक्रेटरी टँकरची ठेवतो तशी.

ही वही ठेवतो बॅटरी मॉनिटर, आणि त्याचा मोजणारा भाग म्हणजे शंट. गाळ्यातल्या मिस्त्रींनी तो खोक्यातून काढून माझ्या हातात दिला. पितळेचे दोन ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या तांबूस पट्ट्या. पट्ट्या मँगॅनिनच्या, कारण तापल्या तरी या मिश्रधातूचा रोध फारसा बदलत नाही. अंगावर कोरलेलं: 500 अँपियर, 50 मिलिव्होल्ट. म्हणजे 30 अँपियर वाहिले तर दोन टोकांत फरक पडणार जेमतेम 3 मिलिव्होल्टचा. तेवढ्यावरून मॉनिटर सेकंदासेकंदाचा हिशेब मांडतो. एवढासा फरक वाचायचा असल्यामुळे त्याच्या बारीक वायरी जाड केबलच्या बोल्टाखाली दाबायच्या नाहीत. त्यांना ठोकळ्यावर वेगळे स्क्रू असतात.

"शेठ, आधी सोलर बंद," मिस्त्री म्हणाले. पॅनल चालू असताना बॅटरी काढली तर चार्ज कंट्रोलर जाऊ शकतो. मग माइनस सुटला, प्लसला हातही लावला नाही. माइनस जोडलेला असताना प्लस सोडवायला गेलं आणि पाना गाडीच्या बॉडीला टेकला, तर सगळी बॅटरी पान्यातून वाहते. पानाच वितळायला लागतो म्हणे. परत जोडताना उलट, माइनस सगळ्यात शेवटी.

केबलच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टाखाली बसणारं धातूचं टोक, दाबून बसवायला त्यांनी बराच वेळ घेतला. जुनी केबल सोलली तर आतलं तांबं हिरवट, काळवंडलेलं. मिठागरांचा मुलूख हा, हवेतच खार. हिरवी तार जोडली की तिथेच गरम होते. त्यांनी कलई केलेली नवी केबल कापली, लग घालून दाबला आणि दोन्ही हातांनी खेचून पाहिला. वर आवरण चढवून गरम हवेनं आवळलं. मला हे काम बघायला आवडतं; त्यात घाई करणारा माणूस लगेच ओळखू येतो.

सगळं जोडून झालं. पंखा लावला, आकडा उणे दीड. दिवे लावले, वाढला. फ्रीज लावला. कॉम्प्रेसर घरघरायला लागला, पण आकडा ढिम्म.

मिस्त्रींनी क्लँप मीटर फ्रीजच्या वायरीभोवती धरला: 3.9 अँपियर. वीज जात होती, मॉनिटरला पत्ता नव्हता. ते खाली वाकले आणि हसले. आधीच्या कारागिराने फ्रीजचा माइनस बॉडीवर दिलेला, आणि बॉडीची अर्थ केबल थेट बॅटरीच्या माइनसवर. गडबडीत ती तिथेच राहिली होती. वसईच्या किल्ल्याला एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. पहारेकरी जमिनीच्या दरवाजात माणसं मोजत बसला, आणि फ्रीज समुद्राच्या दरवाजाने निघून गेला.

बॉडीची केबल शंटच्या पलीकडच्या ठोकळ्यावर घेतली. आता बॅटरीच्या माइनसवर एकच केबल, शंटकडे जाणारी. बाकी सगळा माइनस पलीकडे. फ्रीज लावला, उणे 3.9. इंजिन सुरू केलं तर उण्याचा अधिक झाला, अधिक 17. येणाराही आता त्याच दारातून येत होता.

बॅटरी पूर्ण भरून मॉनिटरला एकदा 100 सांगावं लागतं, नाहीतर तो कुठून मोजायचं तेच विसरतो. ते केलं आणि शनिवारी गाडी अर्नाळ्याला सुरूच्या झाडांत लावली. रात्री नऊला शंभर, सकाळी सहाला 59. दोन पंखे, फ्रीज, एक दिवा. दुसऱ्या रात्री ऊन नसेल तर चालेल की नाही, हे भाऊजींना आता गाडीत पडल्या पडल्या कळतं.

तुम्ही गाडीत, होडीत, कुठेही हा मॉनिटर लावून घ्याल, तेव्हा पैसे देण्याआधी एकेक वस्तू लावून बघा. प्रत्येक वेळी आकडा हललाच पाहिजे. एकीलाही नाही हलला, तर मिस्त्रींना पुन्हा खाली वाकायला सांगा.