सातविणीच्या लाकडातले पांडव

इंडोनेशियातील जावा बेटाचा पश्चिम भाग हा सुंदानी भाषा बोलणाऱ्या लोकांचा प्रदेश असून बांडुंग, चियांजुर, गारूत, सुमेदांग या गावांभोवतीचा त्याचा डोंगराळ पट्टा प्रियांगान या नावाने ओळखला जातो. डच अंमलाच्या काळात येथील कोरक्यांच्या हातून जे काम घडले, त्याचा कस पाहायचा तर तो ‘वायांग गोलेक’ या बाहुल्यांत पाहावा लागतो. वायांग म्हणजे बाहुल्यांचा खेळ आणि गोलेक म्हणजे सर्व बाजूंनी कोरलेली लाकडी बाहुली. मध्य जावात चामड्याच्या चपट्या बाहुल्यांची सावली पडद्यावर पाडतात. सुंदानी खेळात मात्र पडदाच नसल्याने प्रेक्षक प्रत्यक्ष लाकूडच पाहतो. कळसूत्री बाहुलीप्रमाणे ही बाहुली वरून दोऱ्यांनी नाचवली जात नाही, तर खालून काठ्यांनी खेळवली जाते.

या परंपरेचा जुना प्रकार उत्तर किनाऱ्यावरील चिरेबोन भागातला असून त्यात अमीर हमजाच्या आणि इस्लामी वीरांच्या कथा येतात. रामायण-महाभारतावरील ‘गोलेक पूर्वा’ हा प्रकार मात्र प्रियांगानमध्ये एकोणिसाव्या शतकात बहरला. (हा ‘पूर्वा’ शब्द संस्कृत ‘पूर्व’चाच अवतार आहे.) बांडुंगचे बुपाती, म्हणजे डचांच्या वतीने कारभार पाहणारे वंशपरंपरागत सरदार, विरानाताकुसुमा तिसरे (कारकीर्द 1829 ते 1846) यांनी तेगलहून येऊन राहिलेल्या की दारमान नावाच्या चामडी बाहुल्यांच्या कारागिराकडून लाकडी बाहुल्या घडवून घेतल्या, असे परंपरा सांगते. पहिल्या बाहुल्या चामडी बाहुल्यांसारख्याच काहीशा चपट्या होत्या आणि पुढे त्यांना गोलाई आली, हा तिचा तपशील कारागिराची सवय लक्षात घेता सहज पटण्याजोगा आहे. खेळाची भाषाही सुरुवातीला जावानी होती; सुंदानी सूत्रधार तयार झाले, तशी ती सुंदानी झाली.

या आश्रयामागचा पैसा कॉफीचा होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून प्रियांगानमधील शेतकऱ्यांना सक्तीने कॉफी लावून ती ठरावीक दराने डच व्यापारी कंपनीला आणि नंतर डच सरकारला द्यावी लागे, आणि प्रत्येक खेपेमागे बुपातींना हिस्सा मिळत असल्याने त्यांच्या वाड्यांवर संगीत, नृत्य आणि बाहुल्यांचे खेळ पोसले गेले. 1871च्या फेररचनेत हा हिस्सा संपून बुपाती पगारदार झाले. तरीही खेळ थांबला नाही, कारण गावातील लग्न वा सुंता हाही त्याचा तितकाच भक्कम आधार होता.

बाहुलीसाठी मुख्यतः ‘लामे’ या झाडाचे लाकूड वापरले जाते, आणि हे लामे म्हणजे सह्याद्रीतही आढळणारी सातवीणच होय. तिचे लाकूड पांढरट, हलके आणि मऊ असते. रात्रभर बाहुली हातात धरणाऱ्या सूत्रधाराला, म्हणजे ‘दालांग’ला, हा हलकेपणा फार मोलाचा ठरतो. ‘बेडोग’ नावाच्या कोयत्याने ओबडधोबड आकार काढून मग बारीक चाकूने नाक-डोळे उतरवले जातात आणि घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर रंगाचे थर चढतात. डोके, धड आणि हात वेगवेगळे कोरलेले असतात. मधली काठी धडातून आरपार जाऊन डोक्यात बसते, त्यामुळे मान दोन्हीकडे वळते. हात खांद्याशी व कोपराशी दोऱ्याने सांधलेले असून ‘तुडिंग’ नावाच्या दोन बारीक काठ्यांनी हलतात. कमरेखाली पाय नसतातच. तेथे वस्त्राचा घोळ असतो आणि दालांगचा हात त्यात लपतो.

खरे कौशल्य चेहऱ्यात आहे. या बाहुलीचे डोळे वा ओठ सहसा हलत नाहीत, त्यामुळे पात्राचा स्वभाव कोरक्यालाच कायमचा ठरवून द्यावा लागतो, आणि त्यासाठी त्याचे मुख्य साधन म्हणजे नजरेचा कोन. अर्जुनासारखा ‘लुंगगुह’, म्हणजे शांत, संयमी क्षत्रिय मान किंचित खाली झुकवून आणि डोळे अरुंद ठेवून कोरला जातो. कर्णासारख्या ‘लाडाक’, म्हणजे मानी क्षत्रियाची नजर समोर रोखलेली असते. भीम, घटोत्कच यांसारख्या योद्ध्यांना रुंद चेहरा आणि मिशा मिळतात, तर ‘बुता’, म्हणजे राक्षस (येथे ‘भूत’ शब्द ओळखू येतो), लालबुंद रंग, बटबटीत डोळे आणि सुळे घेऊन येतात. मानेचा कोन थोडा चुकला तरी अर्जुन उद्धट दिसू लागतो. दालांगचे अर्धे काम असे खेळ सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेले असते, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

मराठी वाचकाला ओळखीच्या या मंडळींत काही अनोळखी चेहरेही भेटतात. सेमार हा देवांश असलेला म्हातारा सेवक आणि लाल तोंडाचा, एकच मोठा दात असलेला त्याचा मुलगा चेपोट यांना व्यासांच्या महाभारतात स्थान नाही. पण राजपुत्र भारदस्त भाषेत बोलत असताना खेडवळ सुंदानीत टवाळी करणारा चेपोटच तेथे सर्वाधिक लाडका आहे. प्रेक्षक बहुतांशी मुसलमान असले, तरी या सरमिसळीत कोणाला विसंगती वाटत नाही.

वसाहतकाळात अशा बाहुल्या मोठ्या संख्येने नेदरलँड्समध्ये गेल्या आणि तेथील संग्रहालयांत वस्तू म्हणून नोंदल्या गेल्या. नोंदवहीत प्रदेश आणि देणगीदार यांना जी जागा मिळे, ती कोरक्याच्या नावाला क्वचितच मिळाली. पाश्चात्त्य रंगभूमीवर मात्र या बाहुल्यांचा परिणाम झाला. व्हिएन्नाचे चित्रकार रिचर्ड टेश्नर यांनी 1911मध्ये नेदरलँड्सच्या प्रवासात जावाच्या काठीबाहुल्या पाहिल्या, काही विकत घेतल्या आणि त्याच तंत्राने स्वतःच्या बाहुल्या घडवून युरोपात काठीबाहुल्यांची नवी वाट रूढ केली. टेश्नर यांचे खेळ पूर्णपणे मूक असत आणि त्यांना केवळ वाद्यसंगीताची साथ असे. बाहुल्यांबरोबर दालांगचा रात्रभर चालणारा आवाज आणि चेपोटची बडबड मात्र युरोपात गेली नाही.