क्ष-किरण चित्राची मोजदाद

बॉयलरच्या वेल्डमध्ये तडा आहे का, कास्टिंगच्या पोटात पोकळी राहिली आहे का, हे तुकडा न कापता सांगणारी औद्योगिक रेडिओग्राफी दीर्घकाळ फिल्मवर चालली. डार्करूममध्ये फिल्म धुवायची, व्ह्यूअरवर लावायची, डेन्सिटोमीटरने तिचा काळेपणा मोजायचा, पेनीची, म्हणजे चित्राची संवेदनशीलता तपासणाऱ्या पेनिट्रामीटरची, ठरलेली तार दिसते ना हे पाहायचे आणि मग निर्णय द्यायचा. फिल्मच्या जागी फॉस्फरची इमेजिंग प्लेट आणि फ्लॅट पॅनल डिटेक्टर आले तसे चित्र संगणकावर गेले आणि ते हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा बाजार उभा राहिला. या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत बहुधा दोन चित्रे शेजारी शेजारी असतात, डावीकडचे धूसर आणि उजवीकडचे लखलखीत. ग्राहक उजवीकडचे पाहून भुलतो. माझे म्हणणे असे की या सॉफ्टवेअरचे खरे काम चित्र उजळणे नसून चित्र मोजणे आहे, आणि ते मोजण्याचे साधन डिटेक्टर विकणाऱ्यापासून स्वतंत्र असले पाहिजे.

आपण ज्याला मूळ चित्र म्हणतो तेही सॉफ्टवेअरमधून गाळूनच आलेले असते. किरण बंद असतानाही पॅनल थोडा सिग्नल देत राहते. तो वजा करावा लागतो. प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता वेगळी. ती सारखी करावी लागते. काही पिक्सेल मेलेलेच असतात. त्यांची जागा शेजाऱ्यांच्या सरासरीने भरली जाते. एवढे झाल्यावर अनेक फ्रेमची सरासरी काढली की नॉइज वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे चौपट फ्रेम घेतल्या तर तो निम्मा होतो. ही सुधारणा खरी आहे, कारण तिच्यामागे जादा किरण आहेत. पण एकदा एक्सपोजर संपले की पुढचा कुठलाही फिल्टर चित्रात नवी माहिती घालू शकत नाही. १६ बिटच्या चित्रात ६५,५३६ राखाडी छटा मावतात आणि साधा मॉनिटर त्यांतल्या २५६ दाखवतो. म्हणून विंडो सरकवून हव्या त्या छटा समोर आणणे हे सॉफ्टवेअरचे पहिले आणि सर्वांत निर्विवाद काम.

वादाची जागा पुढे आहे. चित्राची प्रत सिग्नल आणि नॉइज यांच्या गुणोत्तराने सांगतात, आणि हे गुणोत्तर फुगवणे फार सोपे आहे. शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेणारा फिल्टर फिरवला की नॉइज पडतो, आकडा चढतो आणि बारीक तडाही त्याच झटक्यात पुसला जातो. वेल्डच्या डिजिटल रेडिओग्राफीचे आयएसओ १७६३६-२ हे मानक २०१३ मध्ये आले, त्यात यावर उतारा आहे. मोजलेल्या गुणोत्तराला ८८.६ ने गुणायचे आणि चित्राच्या मूलभूत रेखीवपणाने, म्हणजे मायक्रोमीटरमधल्या त्याच्या आकड्याने, भागायचे. ८८.६ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. फिल्मचा कणमयपणा १०० मायक्रोमीटर व्यासाच्या गोल छिद्रातून मोजत. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू ८८.६ मायक्रोमीटर भरते. रेखीवपणा ठरतो तारांच्या जोड्यांवरून. दोन तारांमध्ये त्यांच्या व्यासाएवढीच फट असलेल्या अशा १३ जोड्या असतात, पहिलीची तार ०.८ मिलिमीटरची आणि तेरावीची ०.०५ ची. प्रोफाइलमध्ये दोन तारांमधल्या दरीची खोली २० टक्क्यांहून कमी भरली की ती जोडी एकजीव झाली असे धरतात. चित्र गुळगुळीत करणाऱ्याने एका आकड्यात कमावले ते दुसऱ्यात गमावले, अशी ही रचना आहे. अट एवढीच की दोन्ही मोजमापे एकाच चित्रावर व्हावीत. मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

या मोजमापासाठी महागडा परवाना लागतोच असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी घडवलेले ‘इमेजजे’ १९९७ पासून सर्वांना मोफत आहे. १६ बिटची फाइल उघडा, चौकट आखा, सरासरीला प्रमाण विचलनाने भागा, गुणोत्तर हाती येते. पण ते जीवशास्त्रज्ञांसाठी घडलेले साधन आहे. वेल्डची जाडी चौकटीच्या आत हळूहळू बदलत असेल तर तो उतारही ते नॉइजमध्येच धरते. प्लेटच्या स्कॅनरने राखाडी मूल्ये लॉगरिदमच्या पट्टीवर दिली असतील तर येणारा आकडा निरर्थक ठरतो आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बर्लिनच्या बाम या पदार्थ-परीक्षण संस्थेत जन्मलेले ‘आयसी!’ याच धंद्यासाठी असल्याने गुणोत्तर आणि तारांच्या जोड्यांचे प्रोफाइल ही तिथली रोजची कामे आहेत.

यावर अनुभवी रेडिओग्राफर म्हणेल की मोजमाप ठीक, पण दोष शोधतो तो डोळा, आणि कडा उठावदार करणाऱ्या फिल्टरने मला फ्यूजन न झालेली रेघ लवकर सापडते. हे खरे आहे आणि मानकही ते नाकारत नाही. ते एवढेच म्हणते की असा फिल्टर नोंदलेला, पुन्हा तसाच वापरता येणारा आणि दोन्ही पक्षांना मान्य असावा, शिवाय मूळ चित्र जपलेले असावे. दुसरा आक्षेप फिल्मच्या बाजूने येतो. फिल्ममध्ये फेरफार कठीण, फाइलचा काय भरवसा? त्यासाठी डायकोंड आहे. इस्पितळांतल्या डायकॉम या पद्धतीवर बेतलेल्या या मानकात रुग्णाच्या नावाच्या रकान्यात यंत्रभागाचे नाव येते आणि एक्सपोजरची माहिती चित्रासोबतच राहते. फाइल बदललीच जाणार नाही अशी हमी एवढ्याने मिळत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीने पॅनल घेताना फाइल डायकोंड स्वरूपात, १६ बिटमध्ये आणि फिल्टरविना मिळेल असे करारात लिहून घेतले, तर तिसऱ्या कुणालाही ती तपासता येईल.

तिसरा आक्षेप आजचा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता दोष आपोआप दाखवत असेल, तर ही आकडेमोड कशाला? पुरावा पाहू. या क्षेत्रातला प्रसिद्ध खुला संग्रह जीडीएक्सरे. चिलीच्या कॅथलिक विद्यापीठातल्या डोमिंगो मेरी यांच्या गटाने तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १९,४०७ चित्रे आहेत. त्यांपैकी सामानाच्या तपासणीची ८,१५०, कास्टिंगची २,७२७ आणि वेल्डची ८८. एवढ्या वेल्डवर शिकलेले न्यूरल जाळे दुसऱ्या जाडीच्या, दुसऱ्या डिटेक्टरवर घेतलेल्या चित्रात कसे वागेल, हे त्याच्या अचूकतेच्या टक्केवारीतून कळत नाही. एकाच साच्यातल्या अॅल्युमिनियमच्या चाकांची गोष्ट वेगळी. तिथे भाग तोच, कोन तोच, एक्सपोजर तेच, आणि स्वयंचलित निवड तिथे खरोखर चालते. साइटवरच्या पाइपलाइनला ही मुभा नाही. तिथे इरिडियमचा स्रोत ७४ दिवसांत निम्मा होतो, जोडागणिक अंतर बदलते आणि नॉइजही. जाळ्यासमोर आलेले चित्र त्याच्या शिकवणीतल्या चित्रांच्या प्रतीचे आहे की नाही, हे तपासायला पुन्हा तेच दोन आकडे लागतात, गुणोत्तर आणि तारांची जोडी. ती तपासणी आधी करून प्रत कमी भरल्यास ‘पुन्हा शूट करा’ असे सांगणारे सॉफ्टवेअर मी दोषाभोवती लाल चौकट काढणाऱ्यापेक्षा आधी विकत घेईन.