बाईक खाली करायची? आधी सॅग मोजा

पाय टेकत नाहीत म्हणून मोठी टूरिंग बाईक नको म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट. तक्रार ऐकली की मेकॅनिक लगेच मागे लोअरिंग लिंक लावायला निघतो. थांबवा त्याला! फक्त मागची बाजू खाली आली की पुढच्या फोर्कचा कल वाढतो, हँडल सुस्त वळतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून फोर्कही क्लॅम्पमध्ये त्याच प्रमाणात वर सरकवायचे. साइड स्टँडही आखूड हवा, नाहीतर उभी बाईक जराशा धक्क्याने आडवी. वळणावर फूटपेग लवकर घासणार, त्याला मात्र इलाज नाही.

खरी मेख स्प्रिंगमध्ये. बसल्यावर सस्पेन्शन त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण 30 टक्के दबावं, हाच सॅग. मागचा माणूस, भरलेल्या बॅगा धरून मोजा. प्रीलोड पूर्ण आवळूनही जास्त दबत असेल तर कडक स्प्रिंग घ्या. प्रीलोड सैल करून बाईक 'खाली' आणणं म्हणजे खड्ड्याखड्ड्यात कंबर मोडून घेणं.

हार्लेच्या 2021 च्या पॅन अमेरिका स्पेशलला थांबताना आपोआप खाली बसणारं सस्पेन्शन मिळायचं, वेगळे पैसे मोजून. तेवढं बजेट नसेल तर लिंकला हात लावण्याआधी सीटचा फोम कमी करून बघा.