डावखुऱ्याचा उजवा पाय

डावखुऱ्या बॉक्सरशी लढायला एके काळी कुणी सहसा राजी नसे. जिंकलं तरी फारसं कौतुक नाही, हरलं तर नामुष्की. त्यामुळे मॅनेजर अशा लढती टाळत आणि प्रशिक्षक डावखुऱ्या पोरांना सरळ उजव्यांसारखं उभं करत. तरीही मिडलवेटमध्ये १९१४ साली अल मॅकॉय आणि १९२६ साली हॅरी ग्रेबला हरवून टायगर फ्लॉवर्स हे डावखुरे जगज्जेते झाले. हेविवेटमध्ये मात्र मायकेल मूररच्या रूपाने पहिला डावखुरा विजेता मिळायला १९९४ साल उजाडावं लागलं.

सुरुवातीच्या काळात डावखुऱ्याचं मोठं भांडवल म्हणजे समोरच्याला नसलेली सवय. पण सवय आज ना उद्या लागतेच. टिकलं ते पायाचं तंत्र.

उजवा बॉक्सर डावा पाय पुढे टाकतो, डावखुरा उजवा. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात आणि खरी झटापट तिथेच सुरू होते. डावखुऱ्याने आपलं उजवं पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पावलाच्या बाहेर रोवलं, की त्याचा मागचा डावा हात थेट हनुवटीच्या रेषेत येतो आणि समोरच्याच्या उजव्या ठोशाला लांबचा पल्ला पडतो. पुढच्या हाताने प्रतिस्पर्ध्याचा जॅब दाबून धरायचा; तरी तो सुटलाच, तर डोकं आपल्या उजवीकडे काढून त्याच लयीत डावा सरळ हाणायचा. बचाव आणि प्रतिहल्ला असे दोन वेगळे टप्पे उरतच नाहीत. पाऊल आत राहिलं तर मात्र समोरच्याचा उजवा हात मोकळा होतो. शिवाय डावखुऱ्याचं यकृत पुढच्या बाजूला येतं, ते डाव्या हुकच्या टप्प्यात सापडतं.

हे तंत्र कळसाला नेलं पर्नेल व्हिटेकरने. १० सप्टेंबर १९९३ ला सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये, सुमारे ६० हजार प्रेक्षकांसमोर, तो ८७ लढती जिंकलेल्या अपराजित हुलिओ सेझार चावेझपुढे उभा राहिला. चावेझचं हुकमी अस्त्र म्हणजे बरगड्यांवर बसणारा डावा हुक. व्हिटेकर गुडघ्यांत वाकून त्याखालून निसटे आणि निसटता निसटता डावा हात पोटात घाली. जवळच्या लढाईतही तो मागे हटला नाही. दोन पंचांनी ११५-११५ अशी बरोबरी दिली, तिसऱ्याने व्हिटेकरला ११५-११३ ने पुढे ठेवलं. लढत अनिर्णित ठरली आणि त्या निकालावर आजही टीका होते.

१९९७ मध्ये याच व्हिटेकरला ऑस्कर डी ला होयाने गुणांवर हरवलं. गंमत अशी, की डी ला होया मुळात डावखुराच. पण उजव्यांच्या पवित्र्यात लढणारा. जोरकस डावा हात पुढे असल्याने त्याचा जॅब आणि हुक दोन्ही जड पडत. जुन्या प्रशिक्षकांचा हट्ट अगदीच निरर्थक नव्हता.

डावखुऱ्याला उतारा म्हणजे मागचा उजवा हात. डिसेंबर २०१२ मध्ये हुआन मॅन्युएल मार्केझने तो नेमका वापरला. चौथ्यांदा समोर आलेला मॅनी पॅकियाओ सहाव्या फेरीच्या अखेरच्या क्षणी झेपावत आत आला आणि मार्केझच्या उजव्या ठोशाने तोंडावर पडला.

समोरचाही डावखुरा असेल तर हे सगळं गणित मोडतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४९ किलो गटाच्या अंतिम लढतीत आपल्या अमित पंघालपुढे रिओचा ऑलिम्पिक विजेता हसनबॉय दुस्मातोव होता. दोघेही डावखुरे, म्हणजे बाहेरच्या पावलाचा फायदा कुणालाच नाही. तिथे टायमिंग बोललं आणि सुवर्ण अमितने जिंकलं.

मे २०२४ मध्ये ओलेक्सांद्र उसिकने रियाधमध्ये आपल्याहून कितीतरी उंच टायसन फ्युरीला हरवून हेविवेटचे सगळे पट्टे एकत्र केले. नवव्या फेरीत त्याच्या डाव्या हाताने फ्युरीला दोरांवर लोळवलं, तेव्हा पंचांना मोजणी करावी लागली. उसिकच्या डावखुरेपणाचं फ्युरीला नावीन्य नव्हतं, त्याने त्याची तयारीही केली होती. तरी तो हात पोहोचला, कारण फेरी दर फेरी उसिकची पावलं एका जागी थांबत नव्हती. डावखुऱ्या पोराला पवित्रा बदलायला लावण्यापेक्षा आधी पावलं शिकवावीत, एवढा धडा या शंभर-सव्वाशे वर्षांनी नक्की दिला आहे.