शॅटोचा बयाना

बयाना हा आपल्या बाजारातला रोजचा शब्द. सुताचा सौदा असो की घराचा, बयाना दिला की बोलणे पक्के. पण त्याचा अर्थ प्रत्येक मुलुखात एकच नसतो, हे आम्हांला फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात कळले, तेही पैसे मोजून.

इंग्लंडातल्या भाच्यांनी ठरवले, सगळ्या खानदानाने एक आठवडा एकत्र काढायचा. माणसे अठरा. हॉटेलात नऊ खोल्या घेण्यापेक्षा एखादा शॅटो, म्हणजे जुन्या सरदारांचा वाडा, स्वस्त पडतो. हिशेब चुकीचा नव्हता. १९१३ च्या कायद्याखाली ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदलेल्या वाड्याला मालक मर्जीप्रमाणे हात लावू शकत नाही, आणि छपराची दुरुस्ती कंबर मोडते. म्हणून पुष्कळ मालक उन्हाळ्यात शनिवार ते शनिवार वाडा भाड्याने देतात.

भाच्याने करारावर सही करून चौथाई भाडे भरले. पुढे मालेगावला चार यंत्रमाग चालवणाऱ्या आमच्या धाकट्या भावाच्या घरच्या सहा जणांचे व्हिसा नाकारले गेले. लहान घर घेऊ म्हणून कळवले, तर मालकाचे उत्तर आले: पूर्ण भाडे द्या.

तिथल्या कायद्यात आगाऊ रकमेचे दोन प्रकार आहेत. 'आर' लिहिले असेल तर गिऱ्हाईक रक्कम सोडून मोकळा होतो. मालकाने मोडले तर त्याने दुप्पट परत करायची. 'आकोंत' लिहिले असेल तर सौदा दोघांनाही बांधतो. आमच्या कागदावर 'आकोंत' होते. मालकाची लबाडी नव्हती. आम्ही वाचले नव्हते.

मग घरात वाद. भाचा म्हणाला, "मामू, वाटा तर सगळ्यांनी कबूल केला होता." आम्ही म्हटले, जो आलाच नाही त्याच्याकडून कसला वाटा? भावाने मात्र न सांगता निम्मी रक्कम पाठवली. एक माग विकून, हे नंतर कळले.

वाड्यात शिरताना मालकाने खोली-खोली फिरून यादी केली: कुठे काच तडकलेली, कुठे खुर्ची हलणारी. अनामत याच यादीवर परत मिळते, म्हणून आम्हीही पडद्यांची भोके मोजून लिहायला लावली. साफसफाई आणि शहराचा मुक्काम-कर वेगळा. हलाल गोश्त तूर शहरातून आणावे लागले.

निजायच्या खोलीच्या भिंतींना एकरंगी छापील सुती कापड लावले होते, खेड्यातल्या देखाव्यांचे. हे जुईचे कापड. ओबरकाम्फ यांनी १७६० मध्ये व्हर्सायजवळ जुई गावी छपाईचा कारखाना काढला. त्याआधी १६८६ पासून १७५९ पर्यंत फ्रान्सने आपल्या हिंदुस्थानी छिटांवर बंदी घातली होती, रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांच्या पोटासाठी. आम्ही ते कापड बराच वेळ बोटांनी चाचपत राहिलो.

अनामत पूर्ण परत आली. ती आम्ही सरळ मालेगावला पाठवली. भावाने अजून पोच दिलेली नाही.