सेटनांच्या नावाचा मासा

समुद्रापासून इतक्या दूर, छत्रपती संभाजीनगरात, नाथसागर जलाशयाच्या गोड्या पाण्यातले मासे खाऊन वाढलेल्या आम्हा मंडळींना ज्याची वार्ताही नसते, अशा खाडीतल्या एका इवल्याशा माशाचे वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1940 साली प्रथम केले आणि डॉ. होरा व डॉ. सेटना यांच्या सन्मानार्थ त्यास 'होराइक्थिस सेटनाय' हे नाव दिले. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक हा जीव. मादीला पोटाखालच्या जोडीतला उजवा पर नसतो, आणि नर आपल्या रूपांतरित गुदपराच्या साह्याने शुक्राणूंची चिमुकली कुपी तिच्या जननद्वारापाशी चिकटवितो! एवढे सूक्ष्म टिपणाऱ्या त्या दृष्टीचे मला अतोनात कौतुक वाटते.

पुढे याच कुलकर्णींनी लोणावळ्यास, टाटांच्या तलावांतील महसीर माशांची अंडी व शुक्रद्रव्य हलक्या हाताने काढून त्यांचे कृत्रिम फलन घडविले, आणि दख्खनच्या नद्यांतून विरळ होत चाललेल्या या जातीची पिल्ले तयार करण्याची वाट मोकळी झाली. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कुलकर्णींचा 1940 चा तो मूळ निबंध एकदा अवश्य वाचावा, ही माझी आग्रहाची विनंती.